खलाच्या तळाशी

एकतीस वर्षं मी जिंतूरच्या शाळेत
दुसऱ्यांच्या प्रयोगांनंतरच्या परीक्षानळ्या धुतल्या.
तळाशी कधी निळं साचलेलं, कधी गंजासारखं पिवळं.
काय मिसळून काय झालं होतं
ते ब्रशला लागलेल्या रंगावरूनच ओळखायचो.
हात लावू नको, असं कुणी म्हणालं नव्हतं.
तरी लावला नाही.

आता घरामागं साडेतीन बाजा मावतील एवढी जागा.
काळी माती, उन्हाळ्यात अशी तडकते
की भेगेत पडलेला चमचा
थेट श्रावणात सापडतो.
बोअरचं पाणी मचूळ, नळ आठव्या दिवशी,
आणि उज्ज्वलानं पुण्याहून धाडलेली बियांची पाकिटं,
ज्यांच्यावर छापलंय :
थंड हवामान, निचऱ्याची जमीन.

कुशावर्तानं पाकीट लांब धरून वाचलं,
मग माझ्याकडं बघितलं.
"फ्रिजात लावायलात का?"

ब्रोकोली उगवली.
तिला गड्डा धरायच्या आधी मावा आला,
आणि माव्याच्या आधी सोनवण्यांची शेळी.
लेट्यूस पंधरवड्यात कडू झालं.
सेलरीबद्दल मी काही बोलत नाही.

थाइम म्हणून जे पेरलं
त्याला झारीनं पाणी, दुपारी जुन्या लुगड्याचा आडोसा,
शाळेतून आणलेल्या चिकटपट्टीवर नाव, तारीख, वेळसुद्धा.
महिन्याभरानं हिनं एक लालसर देठ मोडला, चावला,
म्हणाली, "घोळ आहे ही."
रात्री डाळ घालून केली, भाकरीवर वाढली.
वहीत मी लिहिलं : थाइम, उगवण शंभर टक्के.
खाली तिच्या अक्षरात :
चवीला बरी. पुन्हा पेरू नये, आपली येते.

स्ट्रॉबेरी एक आली. एकच.
बोराएवढी, एका अंगानं पांढरी.
ब्लेडनं दोन फाका केल्या.
चुक्याची भाजी आठवली दोघांनाही,
पण आधी कुणी बोललं नाही.

पॅशन फ्रूट तर मला म्हणताच येत नाही,
मी पाशान म्हणतो.
वेल भिंत चढून पलीकडं गेला, मुनीरभाईंकडं.
स्टँडजवळ त्यांचं घड्याळाचं दुकान.
फूल उमललं तसे ते डोळ्याला भिंग लावूनच उभे राहिले.
"तीन काटे आहेत, मास्तर. चावी कुठंय?"
(मी मास्तर नव्हतो. ते पहिल्यापासून म्हणतात,
मीही कधी दुरुस्त केलं नाही.)
फळं धरली ती सगळी त्यांच्या बाजूला,
माझ्याकडं नुसती पानं.
सातातली पाच त्यांनी वाटीतून परत पाठवली,
वर नातवाकरवी हिशोब : दोन आम्ही खाल्ली, आंबट होती, तरी खाल्ली.

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला.
चिकटपट्ट्या राहिल्या, झाडं गेली.
नुसत्या नावांना पाणी घालत होतो मी काही दिवस.

रोझमेरी कोपऱ्यात, डालड्याच्या डब्यात,
मी विसरलो म्हणून जगली.
जूनमध्ये पाहिली तर काटक्यांवर नवी टोकं,
बोटाला डिंकासारखा वास.
आता हिचं करायचं काय?
हिनं वरणाच्या फोडणीत टाकली.
घरभर दवाखाना.
मी दोनदा वाढून घेतलं, तर म्हणाली, "सोंगं नका करू."

मग परवा
जवसाची चटणी पानात आली. खाल्ली.
पुन्हा बोट लावलं.
काही तरी होतं तिखटाच्या मागं,
ओळखीचं, पण या घरातलं नाही.
ही भाकरी थापत होती, पाठ माझ्याकडं,
थापायचा आवाज मात्र थांबलेला.
"काय घातलंय, सांगा."

मी उठलो, खलात डोकावलो.
तळाशी हिरवं लागलेलं, कडेला थोडं तपकिरी.
सवयीनं तो उचलला, मोरीकडं निघालो.

"धुऊ नका," ती म्हणाली,
"कमी पडलीय. मला उद्या परत बघायचंय."